दांडा जड लागतो की हलका?

ट्रकची केबिन पुढे झुकवायची म्हणून पंपाचा दांडा मारायला घ्यावा आणि केबिन जागची हलू नये. अशा वेळी कोल्हापुरात बहुतेक गॅरेजांत पहिलं काम होतं ते पंप उघडण्याचं. ओ-रिंगा, स्प्रिंग, छर्रे डिझेलच्या थाळीत बुडतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी काहीतरी लेथवर चढलेलं असतं. या लेखाचं भांडण त्या उघडण्याशी आहे. बिघाड पुष्कळदा पंपात नसतोच; पण एकदा उघडलेला पंप पुन्हा बसवताना मात्र तिथे खरोखरचा बिघाड तयार होऊ शकतो.

यात कोल्हापूरच्या उद्यमनगरला, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीला, कमी लेखायचं नाही. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता हे शहर ती स्वतः ओतायला आणि घडवायला शिकलं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतलं कास्टिंग आज वाहन उद्योगात सगळीकडे जातं. न मिळणारा सुटा भाग नमुना बघून करून देणारा मेस्त्री इथे गल्लोगल्ली आहे. अडचण नेमकी तीच आहे. ज्याला काहीही बनवता येतं त्याला काहीही उघडायची भीती वाटत नाही, आणि डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने लिलावात काढलेल्या, गाडीबरोबर पुस्तक येत नसल्यामुळे थांबवणारंही कोणी नसतं.

दुसरी एक परंपरा याच जिल्ह्यात आहे. टेंबलाईच्या टेकडीजवळ टेरिटोरियल आर्मीची १०९ मराठा बटालियन आहे, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं फौजी गाव आहे. लष्कराच्या गाड्या सांभाळणाऱ्या ईएमई कोअरमधून निवृत्त झालेला फौजी अशा गाडीजवळ आला की आधी हातात काहीच धरत नाही. तेल बघतो, लिव्हर कुठे आहे ते बघतो, कुलूप बघतो, मग दांडा मारून हाताला काय लागतं ते सांगतो. लष्करात बिघाड शोधण्याचा क्रम ठरलेला असतो: फुकटात तपासता येतं ते आधी, पाना लावावा लागतो ते नंतर, सील तोडावं लागतं ते सगळ्यात शेवटी. हा क्रम आणि उद्यमनगरचा हात एकत्र आले तर या दुखण्यात अवघड असं फार थोडं उरतं.

आधी हे दुखणं आलं कुठून ते बघू. आपल्याकडच्या जुन्या लष्करी गाड्यांना ते नव्हतंच. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनत गेलेला शक्तिमान ट्रक असो की निस्सानचा वन-टन, दोन्हींना पुढे नाक होतं. बॉनेट उचललं की इंजिन समोर. पुढे केबिन इंजिनच्या डोक्यावर आली. तेवढ्याच लांबीत मागे जास्त माल बसू लागला, ड्रायव्हरला पुढचा रस्ता जवळून दिसू लागला, पण इंजिनाला हात लावायचा तर अख्खी केबिन पुढे कलंडवणं आलं. अमेरिकेत व्हाइट कंपनीने १९४९ मध्ये ३००० मालिकेत अशी कलती केबिन आणली, युरोपात व्होल्वोचा ‘टिपटॉप’ १९६२ चा. भारतात १९८० च्या दशकात जपानी सहकार्याने आलेल्या छोट्या ट्रकांनी ही सवय लावली. त्या केबिनी हलक्या, पिळाच्या दांडीच्या जोरावर हातानेच उचलायच्या. मोठ्या केबिनीला तो पीळ पुरत नाही, तिथे तेलाचा दाब लागतो.

लष्करात असं मोठं धूड म्हणजे टाट्रा. चेकोस्लोव्हाकियाच्या या ट्रकसाठी सरकारी बीईएमएलने १९८६ मध्ये करार केला, आणि पिनाकाचे रॉकेट लाँचर ज्या आठ चाकी गाडीवर दिसतात ती हीच. अमेरिकी सैन्याने १९९१ मध्ये ज्यांचा ठेका दिला ते एफएमटीव्ही ट्रक ऑस्ट्रियाच्या स्टायर गाडीवरून बेतलेले. त्यांचीही केबिन तेलाच्या दाबावर कलते. आता ते तिकडच्या लिलावातून शेतकऱ्यांकडे आणि हौशी लोकांकडे जातात, आणि केबिन उचलत नाही ही तक्रारही सोबत जाते. कोल्हापूरच्या हमरस्त्यावर रोज दिसणारे नव्या पिढीचे मोठे नागरी ट्रकही तत्त्व तेच वापरतात. म्हणजे प्रश्न फौजी गाडीचा असला तरी उत्तर महामार्गावरच्या कुठल्याही ट्रॅक्टर-ट्रेलरला लागू पडतं.

यंत्रणा साधी आहे. एक हातपंप, त्याला वर-खाली अशा दोन दिशांची लिव्हर, तेलाची छोटी टाकी, दोन होज पाईप आणि केबिनखाली एक सिलिंडर. काही लष्करी गाड्यांत तोच पंप स्टेपनी उतरवायचंही काम करतो, म्हणून तिथे आणखी एक निवड-लिव्हर असते. काही ठिकाणी हाताऐवजी ब्रेकच्या टाकीतली हवा किंवा विजेची मोटर पंप चालवते. तिथे आधी हवेचा काटा आणि फ्यूज बघायचा.

दाबाचा अंदाज असावा म्हणून एक हिशेब. समजा सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं, आणि २०० बार दाबाला तो जवळजवळ ४ टनांचा रेटा देतो. त्याची चाल ६०० मिलिमीटर धरली तर तो पूर्ण भरायला सुमारे १.२ लिटर तेल लागतं. पंप दर झटक्याला १० मिलिलिटर ढकलत असेल तर १२० झटके झाले. ही उदाहरणाची गाडी आहे, प्रत्येकीचे आकडे वेगळे. पण आपल्या गाडीला किती झटके लागतात ते केबिन नीट चालत असताना मोजून दाराच्या आत रंगाने लिहून ठेवावं. सव्वाशेचे पावणेदोनशे झाले की तेल कुठेतरी आतल्या आत परत जातंय हे पाना न लावता कळतं. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही आणि इतकी दुर्लक्षितही नाही.

आता मुख्य प्रश्न, दांडा जड लागतो की हलका.

हलका लागतो, हाताला विरोधच नाही, म्हणजे पंपाला ढकलायला तेल मिळत नाही किंवा ढकललेलं मागे येतं. टाकी बघावी, पण केबिन खाली असताना. केबिन वर असताना टाकीतलं बरंचसं तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. ते कमी दिसलं म्हणून कोणी भर घातली की केबिन उतरवताना झाकणातून तेल उसळतं, आणि मग गळतीच्या शोधात निष्पाप पाईप खोलले जातात. तेल पुरेसं असेल तर एअर धरलेली असू शकते. ती काढायला काही खोलावं लागत नाही. पुढची जागा मोकळी करून केबिन हळूहळू पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशी दोन-चार वेळा नेली की बहुतेक यंत्रणांत हवा टाकीतून निघून जाते. तरीही फरक नाही, तर मग पंपातल्या छर्‍याखाली कचरा अडकल्याची शंका घ्यावी. लिलावाच्या आवारात चार पावसाळे काढलेल्या गाडीत हे हमखास होतं. झाकणाच्या श्वासछिद्रातून पाणी आत जातं, तेल ताकासारखं पांढरं पडतं आणि छर्रा जिथे टेकतो त्या कडेला गंज धरतो. इथे पंप उघडणं रास्त आहे. मात्र तो उघडण्याआधी पंपाच्या तोंडाला दाब सोसणारा पोलादी प्लग लावून दांडा मारून बघावा. प्लग लावल्यावर दांडा घट्ट होऊन थांबला तर पंप ठणठणीत आहे, दुखणं पुढे सिलिंडरमध्ये. पाच मिनिटांची ही परीक्षा न घेता सील किट मागवणारे पुष्कळ भेटतात.

दांडा जड लागतो, लोंबकळलं तरी खाली जात नाही, तेव्हा गोष्ट उलटी आहे. पंप आपलं काम करतोय, केबिनच सुटलेली नाही. मागचं कुलूप उघडलं का? काही गाड्यांत ते हाताने उघडायचं असतं, काहींत पहिल्या काही झटक्यांच्या दाबाने आपोआप सुटतं, आणि वर्षानुवर्षं चिखल बसलेला हूक दाबाला दाद देत नाही. निवड-लिव्हर स्टेपनीकडे राहिली का? या दोन्ही गोष्टी ठीक नसताना आणखी एक माणूस दांड्याला लावला तर कुलूप तुटण्याआधी केबिनचा बिजागर वाकतो. कोल्हापुरी अंगात रग असतेच, तालमीचं गाव आहे, पण ही कुस्ती केबिन जिंकते.

याच्या मधली एक अवस्था आहे: दांडा जड, पण प्रत्येक झटक्याला आतून सूं असा आवाज, आणि केबिन हातभर उचलून थांबते. दाब मर्यादेबाहेर गेला की तेल परत सोडणारी रिलीफ व्हॉल्व्ह बोलते आहे. तिचा स्क्रू आवळून काम होतं, हे खरं आणि म्हणूनच धोक्याचं. आवळण्याआधी केबिनकडे बघा. डिस्पोजलची गाडी घेतली की मालक पुढे जाड पत्र्याचा बंपर, टपावर कॅरिअर, त्यावर दोन टायर असा शृंगार चढवतो. पंप ज्या वजनाला बांधला ते वजन आता राहिलेलं नाही. वजन उतरवावं, स्क्रूला हात लावू नये.

केबिन वर जाते पण थांबत नाही, हळूहळू बसते, ही तक्रार वेगळी. बाहेर थेंब दिसत असेल तर शोध सोपा आहे. बाहेर कोरडं असेल तर पंपातला अडवणारा छर्रा नीट बसत नाही किंवा सिलिंडरच्या पिस्टनचं सील गेलं. पण मला इथे सिलिंडर खोलण्याविषयी बोलण्याआधी दुसरंच बोलायचं आहे, कारण या विषयात माणूस दगावण्याची शक्यता याच जागी आहे.

आपल्या भागातल्या मेस्त्रींचं हायड्रॉलिकचं शिक्षण ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉलीवर होतं. त्या ट्रॉलीचा जॅक बहुधा एकाच बाजूने काम करतो: तेल भरलं की वर, तेल सोडलं की स्वतःच्या वजनाने खाली. जॅक अडकला तर ट्रॉलीला टेकू देऊन पाईपचा नट सैल करायचा, ही सवय तिथे खपते. ट्रकच्या केबिनचा सिलिंडर मात्र दोन्ही बाजूंनी काम करतो, आणि तो तसा का आहे हे समजून घेतल्याशिवाय नटाला पाना लावू नये. केबिन उचलताना सुरुवातीला सिलिंडर तिला ढकलतो. मधल्या एका बिंदूनंतर केबिनचा भार बिजागरापुढे जातो आणि ती आपोआप पुढे पडू बघते. तिथून पुढे तोच सिलिंडर तिला मागे ओढून धरतो. परत आणतानाही आधी पंप मारून तिला त्या बिंदूपर्यंत खेचावं लागतं, मग ती वजनाने खाली येते. म्हणजे पूर्ण कललेल्या केबिनीचा नट सैल केला तर ती मागे बसत नाही, पुढे कोसळते, आणि नट सैल करणारा सहसा तिच्या समोरच उभा असतो. यंत्रणेत हवा असेल तरीही त्या बिंदूवर ती क्षणभर मोकळी सुटून धपकन पुढे जाते.

याच भीतीपोटी बनवणाऱ्यांनी सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटी झडप ठेवलेली असते. पाईप फुटून तेल एकदम सुटलं की ती मिटते आणि केबिन आहे तिथे राहते. वर गेलेली केबिन खालीच येईना, अशी तक्रार आली तर ही झडप मिटलेली असण्याची शक्यता मोठी. ती सोडवायची रीत म्हणजे लिव्हर पुन्हा ‘वर’कडे करून एक-दोन झटके मारायचे, दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की झडप उघडते, मग सावकाश खाली. ही झडप ‘अडथळा’ समजून काढून टाकलेल्या गाड्या असतात. अशी गाडी विकत घेताना किंमत पाडून मागावी, किंवा सरळ घेऊच नये.

आणि टेकू. लष्करी केबिनीला बहुधा लोखंडी सुरक्षा-दांडी असते, ती खाचेत बसल्याशिवाय इंजिनाकडे वाकायचं नाही हा नियम. लिलावातून आलेल्या गाडीत नेमकी हीच दांडी, पंपाचा दांडा आणि टूलकिट गायब असतात. हाताने सुटतं ते आधी भंगारात जातं. उद्यमनगरात पहिलं काम करून घ्यायचं तर ते पंपाचं नव्हे, या दांडीचं. जाड पाईप, दोन्ही टोकांना नीट बसणारे खोबणीचे तुकडे, आडवी पिन. लाकडाचा ठोकळा चालणार नाही, तो घसरतो. उचलण्याआधी केबिनमधली पाण्याची कळशी, जॅक, देवाची मूर्ती बाहेर काढावी, दारं लावावीत, वर विजेची तार नाही ना ते बघावं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर.

गळती हाताने चाचपून शोधायची नाही. २०० बारच्या पाईपला टाचणीएवढं भोक पडलं की त्यातून निघणारी धार दिसत नाही, पण कातडी भेदून आत जाते. वरून बारीक ठिपका, दुखतही फारसं नाही, आणि काही तासांत हात सुजून काळा पडतो. पुठ्ठ्याचा तुकडा पाईपजवळून फिरवावा, ओला होईल तिथे गळती. झालाच अपघात तर सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात ‘खरचटलं’ म्हणून मलमपट्टी करून घेऊ नये. दाबाचं तेल आत गेलंय असं पहिल्या वाक्यात सांगावं, कारण त्यावर बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

तेलावरून गॅरेजात वाद होतात ते बहुतेक निरर्थक आहेत. कुठलं चालतं यापेक्षा कुठलं चालत नाही हे पक्कं माहीत हवं. ब्रेक ऑइल चालत नाही. या पंपांची सीलं साधारणपणे नायट्राइल रबराची, खनिज तेलासाठी केलेली. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये ती फुगतात, मऊ पडतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळंच गळू लागतं. इंजिन ऑइल कोल्हापूरच्या हवेत खपून जातं, म्हणून कित्येक गाड्या त्यावर चालतात, पण ते घट्ट असल्याने दांडा सकाळी जड लागतो आणि वरची सगळी परीक्षाच फसते. लष्करात लडाखच्या थंडीसाठी पातळ तेल भरलेलं असतं. तसलं लालसर पातळ तेल निघालं तर ते खराब झालंय असं समजू नये. गाडीवर खूण नसेल तर ३२ ग्रेडचं साधं हायड्रॉलिक ऑइल गाळून भरावं, आणि जुनं पूर्ण काढल्याशिवाय नवं भरू नये.

आता सिलिंडर. इथे मात्र उद्यमनगरला तोड नाही. सिलिंडरच्या दांड्याच्या क्रोमवर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सील काही दिवसांत चिरणार; दांडा घासून हार्ड क्रोम करून घेणं हाच उपाय, आणि ते काम इथे होतं. पिस्टनचं सील बदलताना जुन्याचं माप घेऊ नये, कारण ते झिजलेलं असतं. खाचेचं माप घ्यावं. पाईप नवे घ्यावेत हे माझं स्पष्ट मत आहे, जुने कितीही धडधाकट दिसोत. होजवर बनल्याची तारीख छापलेली असते; डिस्पोजलच्या गाडीवर ती वाचली की कित्येकदा पाईप मालकाचा मुलगा शाळेत जाण्याआधीचा निघतो.

या गाड्या पुढे किती येतील हाही प्रश्न आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जातात. संरक्षणाच्या कामातल्या खास वाहनांना त्यातून सूट आहे, तरी एकूण वारं बाद गाडी रस्त्यावर परत न येण्याकडे आहे. म्हणजे ज्या आहेत त्यांना सुटे भाग मिळणं आणखी अवघड होणार आणि मूळ पंपाच्या जागी बाजारातला नागरी ट्रकचा पंप बसवणं वाढणार. त्यात चूक काही नाही. झटक्याला किती तेल आणि कमाल दाब किती, हे दोन आकडे जुन्याशी जुळले, आणि वर-खालीच्या लिव्हरची अंतर्गत जोडणी त्याच तऱ्हेची असली की पंप चालतो.

मात्र आट्यांकडे लक्ष हवं. युरोपी गाड्यांच्या पंपाला बहुतेक वेळा मेट्रिक आटे असतात आणि आपल्याकडच्या हायड्रॉलिक दुकानांत ब्रिटिश पाईप आट्यांचा साठा जास्त. १४ मिलिमीटरच्या मेट्रिक तोंडात पाव इंची ब्रिटिश जोड, ज्याचा बाहेरचा व्यास १३.१६ मिलिमीटर असतो, पहिले दोन-तीन वेढे आरामात शिरतो. नंतर अडतो. मग मोठा पाना लावून तो ‘बसवला’ जातो, टेफ्लॉन टेप गुंडाळली की गळतही नाही, आणि केबिन मधला बिंदू ओलांडून जाते त्या वेळी पकडीला उरलेले ते अर्धेमुर्धे आटे सगळा ताण घेतात. आटे मोजायची पट्टी गॅरेजात ठेवावी, जोड त्याच दुकानातून घ्यावा जिथे ती पट्टी काउंटरवर असते, आणि हाताने सहा वेढे न फिरणारा जोड सरळ परत करावा.